वाट बघणाऱ्याचं देणं

आमच्या घरात देण्याघेण्याचा हिशेब चोख असायचा. आई विड्या वळायची. हजारामागची मजुरी, ब्रँचमध्ये नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या, पिग्मीवाल्याच्या हातावर रोज ठेवलेले पैसे, सगळं तिला तोंडपाठ. कुणाचं किती देणं आहे हे तिनं झोपेतून उठूनही बिनचूक सांगितलं असतं. तिची मुलगी असूनही मला एका माणसाचं देणं अजून नीट मांडता आलेलं नाही. अण्णांनी मला सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टचं आउटपुट बफरिंग बंद करायला शिकवलं. एवढ्याशा तांत्रिक गोष्टीचा कसला ऋणानुबंध, असं कुणाला वाटेल. पण त्या गोष्टीवर माझं पोट चाललं, आणि माणसांशी कसं वागावं याचीही एक रीत मला तिथूनच मिळाली.

अण्णांचं ऑफिस सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकाजवळ. खाली टॉवेलचं दुकान, वर दोन खोल्या, आणि दिवसभर कानावर यंत्रमागांचा खडखडाट. अण्णांच्या घरात तेलुगू, शाळा मराठीत झालेली आणि निम्मी गिऱ्हाइकं कानडी बोलणारी. तिन्ही भाषांत ते सारखंच कमी बोलायचे. तरुणपणी ते एका कापड गिरणीच्या कॉम्प्युटर विभागात होते. कोबोलमधले पगाराचे प्रोग्रॅम, युनिक्सचे टर्मिनल, आणि हातभर कागद ओकणारा लाइन प्रिंटर. पुढं गिरणी बंद पडली. अण्णांनी घरचे दागिने मोडून दोन कॉम्प्युटर घेतले आणि पतसंस्था, सूत व्यापारी, टॉवेलचे कारखाने यांची सॉफ्टवेअरची कामं धरली. मी डिग्री घेऊन त्यांच्याकडं गेले तेव्हा त्यांनी गुणपत्रिका पाहिलीच नाही. "काय येतंय ते नंतर सांग अम्मा, काय येत नाही ते आधी सांग," म्हणाले. माझी यादी लांबली. शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि उद्यापासून ये म्हणाले.

फडताळात मोजकीच पुस्तकं होती. त्यात आपल्या सोलापूरच्या अच्युत गोडबोल्यांचं 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' होतं, आणि त्यांनी अतुल कहाते यांच्याबरोबर लिहिलेलं 'वेब टेक्नॉलॉजीज'. पहिल्या आठवड्यात मला कोड लिहायला मिळाला नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकातला इनपुट-आउटपुटचा भाग वाच, एवढंच काम. तेव्हा कंटाळा आला होता. तो भाग कशासाठी वाचायला लावला ते मार्च उजाडल्यावर कळलं.

एक पतसंस्था अण्णांकडं आली. त्यांचं पीएचपीतलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कुणीतरी करून दिलेलं होतं. ३१ मार्चला बचत खात्यांवर व्याज लावण्यासाठी त्यात एक बटण होतं. ते दाबलं की पडदा पांढरा व्हायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आदल्या वर्षी क्लार्कला वाटलं, मशीन अडकलं. त्यानं पान रिफ्रेश केलं, आणि निम्म्या खात्यांवर दोनदा व्याज पडलं. उलट नोंदी घालण्यात त्यांचा गुढीपाडवा गेला. मग मॅनेजरांनी मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवला: 'बटण एकदाच दाबावे.'

अण्णा तो कागद बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता ते डेटाबेस उघडतील. त्यांनी क्लार्कला विचारलं, "थांबता तेव्हा तुम्हाला काय दिसायला पाहिजे?" तो बिचारा गोंधळला. असं त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. थोडा विचार करून म्हणाला, "किती झालं आणि किती राहिलं, तेवढं दिसलं तरी पुरे." बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "कागद कशाला लागला? पडदा बोलत नाही म्हणून. आधी त्याला बोलतं कर. बाकीचं नंतर."

मला हे सोपं वाटलं. हिशेबाच्या लूपमध्ये एक 'एको' घालायचा, दर शंभर खात्यांनी एक ओळ. घातला. पडदा पांढराच. काम संपल्यावर सगळ्या ओळी एकदम धाडकन आल्या. अण्णांनी खुर्ची ओढली आणि पेन्सिलनं कागदावर एकाखाली एक चौकोन काढले. म्हणाले, "उजनीतून पाणी सोडलं म्हणजे तुझ्या मोरीत लगेच येतं का? खाली हौद, वर टाकी, आत पिंप. एक भरल्याशिवाय दुसऱ्यात जात नाही. तुझी ओळ कुठल्या भांड्यात अडकली ते शोध."

पहिला चौकोन खुद्द पीएचपीचा. रासमुस लेरडॉर्फनं १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी केलेली ही हत्यारं. २००० साली पीएचपी ४ आलं आणि त्याबरोबर आउटपुट अडवून धरायची सोय आली. पीएचपी.आयएनआय या फाइलमध्ये 'आउटपुट_बफरिंग' अशी एक ओळ असते, आणि आमच्या सर्व्हरवर तिच्यापुढं ४०९६ लिहिलेलं होतं. म्हणजे ४०९६ बाइट साठेपर्यंत किंवा स्क्रिप्ट संपेपर्यंत एक अक्षरही पुढं सरकणार नाही. माझ्या ओळी चिमुकल्या, त्या एवढ्या साठणार कधी?

मी शोधून एक उपाय आणला. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'आयएनआय_सेट' वापरून बफरिंग बंद. अण्णांनी ती ओळ खोडली. स्क्रिप्टची पहिली ओळ चालायच्या आधीच पीएचपीनं बफर उघडलेला असतो, त्यामुळं हे सेटिंग चालू स्क्रिप्टमधून बदलतच नाही. ते पीएचपी.आयएनआयमध्ये करावं, नाहीतर अपाचे या वेब सर्व्हरच्या त्या एका फोल्डरपुरत्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये. नाहीतर स्क्रिप्टमध्येच, उघडलेला बफर 'ओबी_एंड_फ्लश'नं बंद करावा. तोही एकदा करून भागत नाही, कारण बफरात बफर उघडता येतात. किती उघडे आहेत ते 'ओबी_गेट_लेव्हल' सांगतं, ते शून्यावर येईपर्यंत बंद करत जायचं. आणि 'ओबी_एंड_क्लीन'च्या वाटेला जायचं नाही, ते साठलेलं सगळं फेकून देतं. एवढं झाल्यावर प्रत्येक ओळीनंतर 'फ्लश', म्हणजे पीएचपीनं मजकूर वेब सर्व्हरच्या हवाली करायचा. दर वेळी हातानं लिहायचा कंटाळा असेल तर 'ओबी_इम्प्लिसिट_फ्लश' आहे.

दुसरा चौकोन दाबून लहान करण्याचा. पान लवकर पोहोचावं म्हणून अपाचे मजकूर जीझिप करून पाठवतो. दाबायला पुरेसा मजकूर हाती हवा, म्हणून तोही साठवतो. त्या एका पानापुरतं जीझिप बंद केलं. तिसरा चौकोन ब्राउझरचा. इंटरनेट एक्सप्लोररच्या काही आवृत्त्या २५६ बाइट हातात पडेपर्यंत काहीच दाखवत नसत. त्यावर तोडगा म्हणून सुरुवातीला भरपूर रिकाम्या जागा पाठवायच्या. इथं अण्णांनी मला थांबवून विचारलं, जीझिप बंद करायच्या आधी हाच तोडगा केला असता तर? उत्तर मलाच सुचलं. शेकडो सारख्या रिकाम्या जागा दाबल्यावर त्यांचं जवळपास काहीच उरत नाही, म्हणजे २५६ भरलेच नसते. म्हणून क्रम महत्त्वाचा. शेवटी मी हौसेनं काढलेलं टेबलही त्यांनी काढायला लावलं. टेबलाचा शेवट मिळाल्याशिवाय रांगा न दाखवणारे ब्राउझर तेव्हा होते. साध्या ओळी बऱ्या.

तेव्हा पडदा बोलला. 'एकूण खाती', 'झालेली खाती', आणि खाली वाढत जाणाऱ्या ओळी. मी आनंदानं टाळी वाजवली. अण्णा नुसते 'हं' म्हणाले आणि गिरणीतली एक गोष्ट सांगितली. सी भाषेतला प्रोग्रॅम टर्मिनलवर चालवला की ओळ संपताक्षणी पडद्यावर येते. त्याचंच आउटपुट पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडलं की ठोकळाभर साठल्याशिवाय बाहेर पडत नाही. प्रोग्रॅम तोच. समोर माणूस बसलाय की यंत्र, हे बघून सी भाषेची लायब्ररी वागणूक बदलते. ती ज्यांनी लिहिली त्यांना माणसाच्या वाट बघण्याची जाण होती, असं अण्णांचं मत. पर्लमध्येही सोय होती. डॉलरच्या चिन्हापुढं उभी दांडी, आणि तिला १ दिला की साठवण बंद. वेबवर मात्र सगळं पाइपमधूनच जातं. पलीकडं माणूस बसलाय हे सर्व्हरला ठाऊक नसतं, ते आपणच त्याला सांगायचं.

बफर बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी भलतीच पीडा उभी राहिली. लॉगिनचं पान 'हेडर्स ऑलरेडी सेंट' म्हणून ओरडायला लागलं. कारण मराठीच होतं. संस्थेचं नाव देवनागरीत हवं म्हणून त्या जुन्या फाइली कुणीतरी नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ करून साठवल्या होत्या, आणि त्या काळचा नोटपॅड अशा फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट घालायचा. पानाचा मजकूर सुरू व्हायच्या आधी हेडर जायला हवेत. कुकी, रीडायरेक्ट, सगळं त्यात. बफर चालू होता तोवर ते तीन बाइट आत अडून राहायचे, हेडर पुढं निघून जायचे, कुणाला काही कळायचं नाही. आता ते आधी बाहेर पडत होते. मला वाटलं, अण्णा बफर परत चालू करायला सांगतील. त्यांनी सगळ्या फाइली तीन बाइट काढून पुन्हा साठवायला लावल्या. "बफरानं झाकलं होतं, बरं झालं उघडं पडलं. आधी काय करायचं ते ठरव, मग बोल. बोलून झाल्यावर ठरवायला बसू नको."

खरा धडा त्यानंतरचा. पडदा बोलायला लागला, पण दोनदा व्याज पडायचा धोका होताच. अण्णांनी डेटाबेसमधली टेबलं मायआयसॅम या प्रकारावरून इनोडीबीवर नेली, कारण मायआयसॅममध्ये ट्रान्झॅक्शन नव्हतं. खातं आणि आर्थिक वर्ष मिळून एकच नोंद पडेल असा निर्बंध घातला. सगळ्या खात्यांचं व्याज लागून बेरीज जुळल्यावर एकदाच कमिट, नाहीतर सगळं मागं. मी विचारलं, "अण्णा, म्हणजे इकडं साठवायचं नाही म्हणून भांडलो आणि तिकडं शेवटपर्यंत साठवायचं?" ते म्हणाले, "पैसा अर्धवट बाहेर जाता कामा नये. निरोप आत राहता कामा नये. दोन्ही एकाच मापानं मोजू नको." त्यांचं हे वाक्य मी आजही वापरते, कोडात आणि कोडाबाहेरही.

त्यातूनच एक बारकावा निघाला, जो मी एकटीनं कधी पकडला नसता. पीएचपी काही बाहेर पाठवायला गेलं आणि पलीकडं ब्राउझर बंद झालेला असला की स्क्रिप्ट तिथंच थांबते. जुन्या पांढऱ्या पडद्याच्या काळात हे घडत नव्हतं, कारण शेवटपर्यंत काही पाठवलंच जात नव्हतं. आता क्लार्क चहाला उठला आणि कुणी खिडकी मिटली की पुढच्या ओळीला सगळं काम मरणार. ट्रान्झॅक्शनमुळं पैसा वाचेल, वेळ वाया जाईल. म्हणून 'इग्नोर_यूजर_अबॉर्ट' चालू केलं. ऐकणारा निघून गेला तरी काम पुरं व्हायचं.

त्या ३१ मार्चच्या रात्री आम्ही पतसंस्थेत बसलो होतो. मॅनेजरांनी भडंग आणि चहा मागवला. ओळी खाली सरकत होत्या, क्लार्क खुर्चीवर रेलून मोठ्यानं आकडे वाचत होता. माझ्या आईचंही बचत खातं त्याच संस्थेत होतं. तिचं व्याज कुठल्या शंभरात लागून गेलं ते मला दिसलं आणि उगाच भरून आलं. काम झाल्यावर मॅनेजरांनी कागद ओरबाडून काढला. बिल अण्णांनी ठरलेलंच लावलं. पहिल्या पानावर कामाचं वर्णन लिहिलं होतं: 'व्याज आकारणी करताना प्रगती दाखवणे.'

पुढं मी पुण्याला गेले. कंपनी मोठी, सर्व्हर मोठे, आणि भांडी आणखी वाढलेली. पुढ्यात एनजिनेक्स हा वेब सर्व्हर, मागं पीएचपी-एफपीएम, मध्ये प्रॉक्सी. तिथं चलनांची मोठी फाइल तपासणारं एक पान होतं. वापरणाऱ्याला प्रगती दिसावी म्हणून सहकारी पीएचपीत फ्लशवर फ्लश लिहीत होते आणि पान ढिम्म. मी अण्णांसारखे चौकोन काढले. एनजिनेक्स मागून आलेलं उत्तर स्वतःकडं साठवतो. त्या एका उत्तराबरोबर 'एक्स-अ‍ॅक्सेल-बफरिंग: नो' असा हेडर धाडला की तो ते साठवत नाही. ओळी वाहू लागल्या. तेव्हा टीममध्ये माझं नाव झालं, आणि मी संध्याकाळी पहिला फोन कन्ना चौकाला केला.

देवनागरीनं तिथंही पिच्छा सोडला नाही. आपलं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं, आणि ४०९६ला तीननं भागलं की एक उरतो. सलग देवनागरी मजकूर ४०९६च्या तुकड्यांत तुटला की कडेचं चिन्ह दुभंगतं. पान उघडताना ब्राउझर दोन तुकडे आपणहून जुळवून घेतो. पण तुकडा आला की लगेच वाचणाऱ्या जावास्क्रिप्टनं तुकड्यांचा सांधा लक्षात घेतला नाही, तर 'सोलापूर'च्या मधोमध काळी चौकट आणि तिच्यात प्रश्नचिन्ह. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्यांना हे कधी दिसत नाही. आज एआयशी गप्पा मारताना उत्तर शब्दाशब्दानं उमटतं, तेही याच वाटेनं. मॉडेलला पुढचा शब्द काढायला वेळ लागतो, आणि झालेला शब्द कुठंही न अडवता पुढं ढकलला जातो. सगळ्या जगाला आता त्याची सवय झालीय. मला ती पतसंस्थेतल्या मॉनिटरपासून आहे.

अण्णांचं तंत्र आणि अण्णांचा स्वभाव यांत मला कधी फट दिसली नाही. गिऱ्हाइकाचं काम लांबणार असेल तर तारीख उलटायची वाट न बघता ते आदल्या आठवड्यात फोन करायचे. माझं चुकलं तर तेव्हाच सांगायचे, चांगलं झालं तर तेही तेव्हाच. वर्षाअखेरीला गोळा करून काही ठेवलेलं नसायचं. पण कुणाच्या घरातली, पैशाची गोष्ट त्यांच्या तोंडून पुरती खात्री झाल्याशिवाय कधी बाहेर पडली नाही.

आईचं ऑपरेशन अचानक ठरलं तेव्हा मी पुण्यात होते. संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस मिळाली. दवाखान्यात अण्णा जाऊन बसले होते. गाडी सुटल्यापासून त्यांचे मेसेज सुरू झाले. 'आत नेलं.' मग 'अजून आत.' थोड्या वेळानं पुन्हा 'अजून आत.' दौंड गेलं, भिगवण गेलं, 'अजून आत.' त्यात नवीन काहीच नव्हतं, आणि दर मेसेजला माझा श्वास खाली बसत होता. कुर्डुवाडीच्या अलीकडं रेंज गेली. ती परत आल्यावर तीन मेसेज एकदम आले. शेवटचा होता: 'बाहेर आणलं. डॉक्टर म्हणतात ठीक आहे. मी डोळ्यांनी पाहिलं, मग लिहिलं.'

सर्व्हरकडून सतत ओळी पाठवणाऱ्या 'सर्व्हर-सेंट इव्हेंट्स'च्या मानकात एक सूचना आहे. सांगण्यासारखं काही नसलं तरी साधारण पंधरा-पंधरा सेकंदांनी एक निव्वळ कोलनची, बिनमजकुराची ओळ पाठवत राहावी, म्हणजे मधल्या प्रॉक्सीला वाटत नाही की जोडणी मेली. मी ज्युनिअरना हे शिकवते तेव्हा मानकातलं कारण सांगते. माझ्या स्वतःच्या मनात मात्र भिगवण असतं.

अण्णा आता ऑफिसला जात नाहीत. परवा फोनवर त्यांना म्हटलं, तुमच्यावर लिहितेय, बफर बंद करायला शिकवलं त्यावर. त्यांना कौतुकात रस नव्हता. "बंद करायचं लिहिलंस. चालू कधी ठेवायचं ते लिहिलंस का? पोरं वाचतील आणि सगळीकडं बंद करून बसतील." म्हणून तेही लिहिते. बफर कुणी आळसानं बसवलेला नाही. प्रत्येक चिमूट वेगळी पाठवली की सर्व्हरचं काम आणि नेटवर्कवरची पाकिटं वाढतात, आणि जीझिपला दाबायला काही उरत नाही. ज्याचं इंटरनेट धिमं आहे त्याच्यासाठी एनजिनेक्स उत्तर स्वतःकडं घेतो आणि मागच्या पीएचपीला मोकळं करतो. तो बफर काढला की एका रेंगाळणाऱ्या मोबाइलपायी अख्खी प्रोसेस अडकून पडते. जेएसपीत किमान ८ किलोबाइटचा बफर मुळातच असतो, मायक्रोसॉफ्टनंही विंडोज २०००च्या आयआयएसपासून एएसपीत तो आपणहून चालू ठेवला, ते याच हिशेबानं. तेव्हा काम लांबणारं असेल आणि समोर माणूस वाट बघत बसलेला असेल, तेवढ्याच स्क्रिप्टपुरतं बफरिंग बंद करावं, बाकीच्या पानांना हात लावू नये. आणि बंद केलं की बघणारा मध्येच उठून गेला तर काय होतं, हे त्याच दिवशी खिडकी मिटून तपासावं. एवढं सगळं अण्णांनी माझ्याकडून फोनवर एकदा म्हणून घेतलं, आणि मगच आईची तब्येत विचारली.